साम्राज्य लयास गेले, भाषा उरली

स्पेनची लोकसंख्या आज पाच कोटींच्या आत आहे. परंतु स्पॅनिश ही मातृभाषा असणारे लोक जगात पन्नास कोटींच्या घरात आहेत. एकट्या मेक्सिकोत स्पेनच्या दुपटीहून अधिक लोक ती बोलतात. आफ्रिकेत, १९६८ साली स्वतंत्र झालेल्या विषुववृत्तीय गिनीतही राज्यकारभाराची भाषा तीच आहे.

हा विस्तार केवळ तलवारीने झाला, असे सामान्यतः मानले जाते. ते अर्धसत्य आहे. तलवारीने संहार निश्चित केला. १५६२ साली दिएगो दे लांदा या धर्मगुरूने युकातानमध्ये माया लोकांचे ग्रंथ जाळले. आज त्या लिपीतील अवघ्या चार पोथ्या शिल्लक आहेत. तथापि, धर्मांतराच्या सोयीसाठी याच पाद्र्यांनी नाहुआत्ल, केचुआ या भाषा शिकून घेतल्या आणि त्यांची व्याकरणेही रचली. स्थानिक भाषा नष्ट करून कास्तिलियन रुजवावी, हे राजा तिसऱ्या कार्लोसचे फर्मान निघाले ते १७७० साली. पुढे पन्नास-साठ वर्षांत बहुतेक वसाहती स्वतंत्र झाल्या, तेव्हाही लक्षावधी मूलनिवासी आपापल्या भाषाच बोलत होते. सम्राटाला जे साधले नाही, ते स्वतंत्र प्रजासत्ताकांच्या शाळांनी साधले. इतिहासाचा हा उपहास कटू आहे.

फिलिपाइन्सची कथा नेमकी उलटी. तेथे स्पेनची सत्ता तीनशेहून अधिक वर्षे होती. १८४९ साली गव्हर्नर क्लाव्हेरियाने प्रजेला स्पॅनिश आडनावेसुद्धा वाटली. पण स्पेनमधून इतक्या दूर येऊन वसणारे थोडेच होते आणि भाषा मूठभर सुशिक्षितांपुरती राहिली. होसे रिझाल यांनी त्या सत्तेविरुद्धची आपली कादंबरी १८८७ साली स्पॅनिशमध्येच लिहिली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १८९८ नंतर अमेरिकन आले, त्यांनी इंग्रजी शाळा काढल्या. १९८७ च्या राज्यघटनेत स्पॅनिशला राजभाषेचे स्थान उरले नाही. आज तेथील माणूस घड्याळातील वेळ मात्र अनेकदा स्पॅनिश आकड्यांत सांगतो!

आणि पॅराग्वे? तेथे ग्वारानी ही मूलनिवासींची भाषा त्यांच्यापुरती उरली नाही. मिश्रवंशीय बहुसंख्य समाजही ती घरात बोलतो. चाको युद्धात (१९३२-३५) सैन्याचे गुप्त संदेश तिच्यातून गेले आणि १९९२ च्या घटनेने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केले. जी भाषा स्वयंपाकघरातून हटली नाही, तिच्यापुढे अखेर कायद्याला नमावे लागले.

सध्याचा खरा संघर्ष अमेरिकेत आहे. तेथे चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा घोषित केले. स्पॅनिश ही स्थलांतरितांनी आणलेली परकी भाषा, अशी तेथे अनेकांची समजूत आहे. कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख १८४८ च्या तहाने मेक्सिकोकडून घेतलेला आहे, आणि तेथील अनेक कुटुंबे सीमा ओलांडून आलेली नाहीत. सीमाच त्यांना ओलांडून गेली.