आधी उचलून दाखवा

तंबू घेऊन मुक्कामाला जायचं तर गाडी किमान चारशे सीसीची हवी, असं एक गृहस्थ परवा पुन्हा ठणकावून सांगत होते. स्कूटर म्हणजे भाजी आणि शाळा. घाटात तिचा दम निघतो, सामान मावत नाही, आणि तंबूशेजारी ती शोभत नाही. (शेवटचं ते बोलले नाहीत, चेहऱ्यावर होतं.)

दम निघतो, कबूल. सुट्टीवर निघालेल्या माणसाला घाट 25च्या वेगानं चढला तर कोणती हजेरी चुकते? सामानाचं म्हणाल तर पायाशी गॅसचा सिलिंडर ठेवून अख्खा संसार स्कूटरवरून हलवणाऱ्या लोकांना तीन किलोच्या तंबूची भीती घालू नये.

माझं भांडण आहे ते वजनाशी. मुक्कामाची जागा डांबरावर नसते. शेवटचा अर्धा किलोमीटर भातखाचराचा बांध, शेण, चिखल. तिथं 200 किलोची गाडी अडकली की सीसी कामाला येत नाहीत, माणसं येतात. भंडारदऱ्याहून रतनवाडीकडे जाताना आमच्यातल्या एकाची अशीच ऐटदार गाडी रात्री साइडस्टँडवर उभी होती. पावसानं माती भिजली, स्टँड रुतला आणि पहाटे ती आडवी. तिघे लागलो, पाय घसरायला लागले. शेवटी दुधाचे कॅन लावलेल्या मोपेडवरून दोघे आले, आपल्या गाड्या लावून त्यांनी हात दिला, आणि आमची गाडी उभी राहताच हसत निघून गेले. त्या चिखलातून ते रोज जातात. साहसी प्रवासी म्हणून त्यांचा फोटो कुणी काढत नाही.

याच पंथाच्या मंडळींशी पूर्वी बुटांवरून वाजलं होतं. भारी बूट नसतील तर गड चढू नये म्हणे. तेव्हाही पुढे चालणाऱ्या वाटाड्याच्या पायात रबरी चप्पल होती आणि बूटवाले धापा टाकत होते.

मग घ्यावं काय? माझं मत टीव्हीएस एक्सएल 100ला. ही मोपेड, स्कूटर नव्हे, असं म्हणून गृहस्थ मला पकडतील, पकडू देत. वजन 90 किलोच्या आत, म्हणजे पडली तर एकट्यानं उचलता येते. चाकं 16 इंची; स्कूटरच्या 10-12 इंची चाकांपेक्षा खड्ड्यातून बरी निघतात. मागची सीट काढली की तिथं पोतं बसतं, पुढे पायाशी दुसरं. टाकी चार लिटरची. नाशिकहून भंडारदरा सत्तरेक किलोमीटर. जाऊन-येऊन पंपाची आठवण येत नाही. हे नको असेल तर घरातली जुनी 110 सीसीची स्कूटर आहेच. तिच्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

दोघं आणि दोघांचं सामान मात्र एकाच मोपेडवर लादू नका. आणि लांब उतारावर गिअर टाकून वेग आवरायची सोय नसते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात. मी मधे दोनदा थांबतो. तेवढ्यात मोठ्या गाडीवाले पुढे जातात, आणि गावाच्या अलीकडच्या चिखलात आमची पुन्हा भेट होते.