भिंतीत पुरलेली नळी

दिवाळीच्या फराळापुढे ज्या गोष्टीचे नाव काढू नये अशी आपल्याकडे रीत आहे, तिच्याविषयी मला आज लिहायचे आहे. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात हा अंक घेऊन बसलेल्या वाचकांची मी आधीच क्षमा मागून ठेवतो.

विषय संडासाचा आहे. नेमके सांगायचे तर भिंतीला टांगलेल्या, खाली पाय नसलेल्या, आणि ज्याची टाकी व नळ्या भिंतीच्या पोटात पुरून वर फरशी चिकटवलेली असते, अशा नव्या तऱ्हेच्या संडासाचा. तो माझ्या घरात आहे. त्याने मला आणि माझ्या धाकट्या भावाला सात महिने एकमेकांशी बोलू दिले नाही. म्हाताऱ्या माणसाला नव्याला नावे ठेवण्याची खोड असते, ती मलाही आहे. पण हा लेख त्या खोडीपोटी लिहिलेला नाही.

आमचे गाव शेंदूरजनाघाट. वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याच्या कलमांचा धंदा करणारे गाव म्हणून आम्हाला लोक ओळखतात. मीही जन्मभर तोच धंदा केला. वडिलांच्या मागे 1994 साली आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, आणि एका मोठ्या घराच्या मधोमध नऊ इंची विटांची भिंत उभी राहिली. वाटणी गोडीगुलाबीने झाली होती. भिंतीच्या अलीकडे माझे न्हाणीघर आले, पलीकडे भावाचे देवघर. तेव्हा त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा पुण्याहून आला आणि त्याने न्हाणीघर नव्याने बांधायला काढले. जुना संडास काढला. अमरावतीहून नवे भांडे आले, बटनांची चकचकीत पाटी आली, आणि टाकी बसवण्यासाठी गवंड्याने ती वाटणीची नऊ इंची भिंत साडेचार इंच खोदली. मी विचारले, “नळी फुटली तर?” मुलगा म्हणाला, “बाबा, आता नळ्या फुटत नाहीत.” या वाक्यावर एक स्वतंत्र लेख लिहिता येईल.

गेल्या माघात भावाच्या देवघराच्या भिंतीला ओल आली. आधी तळहाताएवढी, मग ताटाएवढी, मग देवांच्या मागून वर चढत चढत थेट तसबिरीपर्यंत. भावाने एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला. “दादा, तुमच्या संडासाचं पाणी माझ्या देवाच्या पाठीवर येते,” असे तो अंगणात उभा राहून, चार माणसांदेखत म्हणाला. मी म्हणालो, माझ्याकडची फरशी कोरडी ठणठणीत आहे, तुझ्याच मोरीत काहीतरी असेल. आणि मी खोटे बोलत नव्हतो! फरशी खरोखरच कोरडी होती. लपवलेल्या नळीचा पहिला दुर्गुण हाच, की ती ज्याच्या घरची त्याला कोरडे ठेवते आणि शेजाऱ्याला भिजवते. उघडी नळी गळली तर ती आधी मालकाच्या पायाखाली गळते. त्याला लाज वाटते, तो पाना शोधतो. पुरलेली नळी मालकाला प्रामाणिकपणे खोटा साक्षीदार बनवते.

पुढचे काय सांगावे? भावाने दोनदा गिलावा केला, तो दोन्ही वेळा फुगून पडला. मी एक नळकाम करणारा आणला, त्याने तीन ठिकाणी फरशी फोडली, तिन्ही ठिकाणी कोरडी वीट निघाली, आणि तो पैसे घेऊन गेला. त्याला दोष कसा देऊ? टाकी कुठे, नळी कुठून वळली, सांधा किती उंचीवर, याचा कागद घरात नव्हता. गवंड्याच्या डोक्यात होता, आणि गवंडी कुठल्या कुठे दुसऱ्या कामावर निघून गेला होता. मग मृग लागला आणि ओल पावसाची की नळीची हेच कळेनासे झाले. वहिनी संक्रांतीला आमच्याकडे तिळगूळ घेऊन आली होती. राखीपौर्णिमेला दोन्ही घरच्या मुलींनी भावंडांना अंगणात, भिंतीच्या टोकाशी उभे राहून राख्या बांधल्या, कारण कोणाच्या घरात जायचे हा प्रश्न पडला होता.

आता यावर कोणी म्हणेल, हा दोष वस्तूचा नाही, बसवणाऱ्याचा. हे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. टांगलेल्या भांड्यावर माझा राग नाही. त्याच्याखाली झाडू फिरतो, पोतेरे फिरते, कोपऱ्यात घाण साचत नाही. पडेल म्हणून भिण्याचेही कारण नाही. युरोपातल्या मानकाप्रमाणे अशा भांड्याने 400 किलोचा भार पेलला पाहिजे, आणि एवढ्या वजनाचा पाहुणा आमच्याकडे अजून आलेला नाही. भिंतीआडची टाकी स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्याने 1964 साली बाजारात आणली. ज्यांनी ती काढली त्यांनी बटनांची पाटी उगाच ठेवलेली नाही: ती काढली की आत हात जातो, पाणी बंद करण्याची तोटी सापडते, तरंगता गोळा आणि तळचा वॉशर बदलता येतो. पण तिकडे ही टाकी बहुधा लोखंडी चौकटीत बसवून पुढे पातळ तक्त्यांची हलकी भिंत उभी करतात. तक्ता कापला की झाले. आपण काय केले? तीच टाकी उचलून विटा आणि सिमेंटमध्ये चिणली, अनारकलीसारखी. आणि टाकीच्या खालचा सांधा, जिथून पाणी वळून भांड्याकडे जाते, तिथे त्या पाटीतून कोणाचाही हात पोचत नाही.

आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही जे कळते ते या नव्या गृहशोभेच्या पुजाऱ्यांना कळू नये, याचे मला नवल वाटते. आम्ही जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. तो बांधायचा जमिनीपासून वीतभर उंच, आणि बागेत कलम लावताना तो सांधा मातीच्या वरच ठेवायचा. सांधा पुरला की तिथे ओल धरते, बुंध्याला डिंक्या लागतो, आणि वरून हिरवेगार दिसणारे झाड चार वर्षांनी एकाएकी माना टाकते. म्हणून आम्ही बुंधा उघडा ठेवतो, त्याला बोर्डो मलम फासतो, येता-जाता नजर टाकतो. जोड जिथे आहे तिथे माती चढू द्यायची नाही हे ज्याने हजारो कलमांना सांगितले, त्यानेच आपल्या घरातला जोड सिमेंटखाली पुरू दिला. माझ्या मूर्खपणाची ही जाहीर कबुली समजावी.

बरे, ही लपवालपवी आली कुठून? सोय हे तिचे कारण नव्हे. मला वाटते, आपल्याला त्या जागेची लाज वाटते हे तिचे कारण. ज्या समाजाने शतकानुशतके मैला दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन आपले तोंड फिरवले, आणि ज्याला ती प्रथा बंद करण्यासाठी 1993 साली एक आणि 2013 साली दुसरा असे दोन कायदे करावे लागले, त्याला नळी दिसली तरी ओशाळल्यासारखे होते. याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला, 1876 साली गाडगेबाबा जन्मले. हाती खराटा घेऊन ते भर दिवसा, चार लोकांच्या डोळ्यांपुढे गाव झाडत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः संडास साफ केले आणि सोप्या संडासांचे प्रयोग केले. 1970 साली बिंदेश्वर पाठकांनी सुलभ संस्था काढली. तिचा दोन खड्ड्यांचा संडास पाहा. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा आणि पहिला काही काळाने उघडून खत काढायचे. उघडता येणे हा त्या रचनेचा प्राण आहे. आणि फार मागे जायचे तर संडासाच्या नळीला पाणी धरून ठेवणारा बाक देऊन 1775 साली ज्याने पेटंट घेतले तो अलेक्झांडर कमिंग धंद्याने घड्याळजी होता. घड्याळाला मागून उघडणारे झाकण लागते हे त्याला कोणी शिकवायला नको होते.

असो. भाद्रपदात एक म्हातारे मिस्त्री आले. आधी त्यांनी काही फोडले नाही, चहा मागितला. मग म्हणाले, “मास्तर, पानी कोनतं हाये हे पहिले पाहू. भित फोडाले का, कोनीबी फोडते.” मी मास्तर नाही, पण चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला ते मास्तरच म्हणतात. त्यांनी कपड्यांची नीळ मागवली, बटनांची पाटी काढून टाकीत घोळली आणि सांगितले, दिवसभर नेहमीसारखे वापरा. हिशेब साधा होता. टाकीत पाणी आणणारी नळी गळत असेल तर ओल अष्टौप्रहर वाढेल, पण तिला रंग नसेल, कारण ते पाणी टाकीत शिरलेलेच नाही. टाकीचा तळवॉशर गेला असेल तर बटन न दाबताही भांड्यात निळी धार उतरेल. भांड्यात काही नाही आणि भिंतच निळी झाली, तर गळती टाकीत किंवा टाकीखालच्या सांध्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून वहिनीची किंकाळी ऐकू आली. देवांच्या मागची भिंत निळी पडली होती.

मिस्त्रींनी भांड्याचे दोन नट सोडून ते पुढे ओढले. भांड्याच्या तोंडाशी असलेली रबरी बाही कोरडी निघाली. म्हणजे दोष वर, टाकीखालच्या बाकात. माझ्या बाजूने तिथे पोचायचे तर टाकी, चौकट, फरशी सगळेच उखडावे लागणार. “भाऊच्या आंगानं फक्त आडवी एक वीट हाये,” मिस्त्री म्हणाले. आणि भाऊ तर माझ्याशी बोलत नव्हता.

मी गेलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही, कारण फारसे काही बोललोच नाही. भावाने विचारले एवढेच, की हे पाणी कुठले. मिस्त्रींनीच उत्तर दिले: टाकीतले, भांड्याच्या आधीचे, म्हणजे आपण पितो त्याच बोअरचे. वहिनीने जो सुस्कारा टाकला तो मला अजून ऐकू येतो. सात महिने त्या माउलीने त्या ओलीकडे पाहून काय काय मनात आणले असेल! देवघरात मिस्त्रींनी पाऊल टाकावे की नाही यावर क्षणभर कुजबूज झाली. ते उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, “देव तुमी हालवा, भित मी हालवतो.” भावाने स्वतः देव उचलले.

अर्ध्या तासात सांधा उघडा पडला. गवंड्याने गिलावा ठासताना बाक तिरपा ढकलला होता, आणि आतले रबरी कडे एका बाजूला चेपून फाटले होते. नळी फुटली नव्हती. मुलाचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे ठरले. खाली वाटी धरून बटन दाबले, तर एका वेळी साधारण 100 मिलिलिटर पाणी पडले. दिवसाला 20 वेळा धरले तर 2 लिटर, सात महिन्यांत 400 लिटरच्या वर. दोन ड्रम पाणी आम्ही त्या भिंतीला पाजले, आणि तेही वरूड तालुक्यात, जिथे बागा जगवण्यासाठी उपसून उपसून भूजल इतके खाली गेले आहे की सरकारी दप्तरात हा तालुका अतिशोषित म्हणून नोंदला आहे. कड्याची किंमत चहाच्या दोन कपांएवढी होती. फोडलेल्या फरशीचा नमुना मात्र आता बाजारात मिळत नाही. माझे न्हाणीघर तीन ठिकाणी ठिगळ लावलेल्या धोतरासारखे दिसते.

नव्या घराचे बेत या सुट्टीत पुष्कळ घरांतून चालले असतील, म्हणून सांगतो. टांगलेले भांडे घ्यायचे तर खुशाल घ्या. पण भिंत बंद करण्यापूर्वी पाणी सोडून एक रात्र तसेच राहू द्या आणि सकाळी प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद फिरवा. हातात मोबाइल असतोच. आपल्या जेवणाच्या ताटाचा फोटो काढता तसा त्या उघड्या नळ्यांचाही, शेजारी मोजपट्टी धरून, एक काढा. टाकीखालच्या सांध्यासमोर उघडणारी फळी ठेवा, फरशी ठेवू नका. गवंडी म्हणेल, शोभा जाते. त्याला म्हणावे, जाऊ दे. आणि ती भिंत सामाईक असेल तर खोदण्यापूर्वी पलीकडच्याला विचारा. मी विचारले नव्हते. भावाच्या रागाचे मूळ त्या ओलीपेक्षा यात अधिक होते, हे त्याने नंतर, नवे कडे बसल्यावर, मला सांगितले.

भावाने देवघर पूर्वेच्या खोलीत हलवले आहे. जुन्या जागी त्याने कपाट केले, आणि कपाटाच्या मागे भिंतीत एक हातभर लाकडी कवाड बसवून घेतले. दर रविवारी सकाळी तो ते उघडतो, आत बॅटरी मारतो, आणि पलीकडून मोठ्याने ओरडतो, “दादा, दाबा!” मी इकडून बटन दाबतो. थोडा वेळ काही ऐकू येत नाही. मग तिकडून आवाज येतो, “कोरडं हाये! चहाले या.”