आडनाव विचारून खोली!

तालुक्याच्या गावी बदली झालेला बौद्ध शिक्षक भाड्याची खोली पाहायला जातो. घरमालक गुळगुळीत फरशी दाखवतो, भाडेही ठरते. मग प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ ते ऐकताच खोली अचानक भाच्यासाठी राखीव होते! वकिली करताना ही कहाणी आम्ही अनेकदा ऐकली आहे.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन सरायमध्ये राहावे लागले. तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तेव्हा राज्यघटना नव्हती. आज आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. पण कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याच्या खासगी घराचा उल्लेख नाही. या फटीतूनच जात आत शिरते. घरभाड्यातील जातिभेद स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवणारा कायदा झालाच पाहिजे. तोवर चारचौघांत जातीवरून अपमान झाला, तर १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्या. गप्प बसू नका.

आणि बांधवांनो, आज आपलीही घरे उभी राहिली आहेत. उद्या दारात पारधी, मातंग वा मुसलमान भाडेकरू आला, तर आपण आडनाव विचारणार आहोत काय?