स्काऊटमास्तर आणि त्याचे दप्तर

जून महिन्यात शाळा उघडतात, वेळापत्रकांची जुळवाजुळव चालू होते, आणि त्याच सुमारास मुख्याध्यापकांच्या सहीचे एक पत्रक शिक्षकांच्या खोलीत फिरू लागते. ग्रंथालय, सहल, क्रीडास्पर्धा, शालेय पोषण आहार, स्नेहसंमेलन अशा नानाविध कामांची त्यात वाटणी केलेली असते आणि बहुधा अखेरच्या एखाद्या रकान्यात स्काऊट व गाईड पथकांची नोंद असते. त्या रकान्यासमोर ज्याचे नाव पडते त्याला त्याची इच्छा विचारलेली नसते. तो वयाने तरुण असतो, नोकरीत नुकताच रुजू झालेला असतो, नकार देणे त्याला परवडणारे नसते, आणि एवढी पात्रता त्याच्या नेमणुकीस पुरेशी समजली जाते. ज्या चळवळीचा सगळा पाया स्वेच्छेने पत्करलेल्या सेवेवर उभारलेला आहे, तिचे नेतृत्व आपल्या कितीतरी शाळांत अशा रीतीने हुकमाने वाटले जावे, आणि पुढे पथक निस्तेज झाले की त्याची कारणे मुलांच्या निरुत्साहात शोधली जावीत, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. गेल्या आठवड्यात या सदरात शाळांच्या क्रीडांगणांविषयी लिहिले होते. क्रीडांगण असूनही ज्याच्याअभावी ते ओस पडते त्या माणसाविषयी आज लिहावयाचे आहे.

स्काऊटमास्तराचे मूळ काम कोणते, याविषयी चळवळीच्या जनकाच्या मनात संदेह नव्हता. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर जे पहिले शिबिर भरविले, त्यात मुले होती अवघी २०च्या आसपास. पुढे स्काऊटमास्तरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात पथकातील मुलांची संख्या ३२ हून अधिक नसावी असे त्यांनी सुचविले आणि त्या आकड्याची उपपत्तीही दिली. प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखून त्यातील गुणांना वाव द्यावयाचा, तर १६ मुलांपलीकडे जाणे त्यांना स्वतःला जमत नसे; इतर जण आपल्याहून दुप्पट समर्थ असतील असे धरून त्यांनी ती संख्या दुप्पट केली. या हिशेबातली नम्रता बाजूला ठेवली तरी त्यातला विचार मोठा आहे. पथकाचा आकार ठरतो तो मैदान किती मोठे आहे यावरून नव्हे, गणवेश किती शिवले आहेत यावरूनही नव्हे, तर एका प्रौढ माणसाच्या अंतःकरणात एका वेळी किती मुलांना खरीखुरी जागा मिळू शकते यावरून. कोणता मुलगा अंधाराला भितो, कोण घरून उपाशी येतो, कोणाला चार मुलांपुढे उभे केले की वाचा फुटते, एवढे ज्याला ठाऊक आहे तो स्काऊटमास्तर. गाठी, मागखुणा, शिट्टीचे संकेत, बिनभांड्यांचा स्वयंपाक हे सारे त्या ओळखीचे निमित्त होय.

आता हाच गृहस्थ प्रत्यक्षात वर्षभर काय करीत असतो ते पाहावे. प्रथम पथकाची वार्षिक नोंदणी: मुलांची नावे, जन्मतारखा, वर्गतुकड्या, प्रत्येकाचे शुल्क, त्याच्या पावत्या, आणि मुदतीत रक्कम जिल्हा कार्यालयात पोचल्याचा दाखला. मग त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षणाचे सत्र. बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि हिमालय वुडबॅज अशी ही चढती श्रेणी असून प्रत्येक पायरीसाठी रजा मंजूर करून घ्यावयाची आणि परत आल्यावर बुडालेले तास भरून काढावयाचे. त्यानंतर प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानाच्या चाचण्या, राज्य पुरस्काराचे अर्ज, प्रत्येक मुलाची नोंदवही, तीवर सह्या आणि शिक्के. एका रात्रीचे शिबिर भरवावयाचे म्हटले की शाळेची मंजुरी, संस्थाचालकांची मंजुरी, कार्यालयाला वर्दी, प्रत्येक पालकाचे संमतिपत्र, वाहनाची तजवीज, शिधासामग्रीची यादी, औषधांची पेटी. ‘खरी कमाई’त मुलांनी स्वकष्टाने मिळविलेल्या रुपयांचा जमाखर्च वेगळा. यांपैकी एकही काम निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. परंतु सायंकाळी मैदानावर मुले ताटकळत उभी आहेत आणि त्यांचा गुरू कार्यालयाच्या खिडकीशी एका राहिलेल्या सहीसाठी तिष्ठत बसला आहे, ही स्थिती वर्षातून एकदा नव्हे, तर महिन्यागणिक उद्भवते, आणि तिच्यामुळे जी हानी होते तिची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

दप्तर वाढले ते कोणाच्या लहरीने वाढले नाही. पुरस्कारांना व्यवहारात मोल आले. रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखीव जागा असतात आणि तेथे राष्ट्रपती पुरस्काराचे प्रमाणपत्र उमेदवाराचे भवितव्य ठरवू शकते. ज्या कागदावर एखाद्या गरीब घरातील मुलाची नोकरी अवलंबून आहे, त्या कागदामागच्या नोंदी कसोशीने तपासल्या गेल्याच पाहिजेत. तेथे ढिलाई करणे म्हणजे ज्याने खरोखर परिश्रम केले त्याच्या तोंडचा घास काढून घेणे होय.

याहूनही गंभीर कारण दुसरे आहे आणि त्याविषयी आपल्याकडे संकोचाने बोलले जाते. अमेरिकेतील बॉय स्काऊट्सच्या राष्ट्रीय संघटनेला २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तो सभासद घटले म्हणून केवळ नव्हे. पूर्वीच्या अनेक दशकांत लहानपणी प्रौढ कार्यकर्त्यांकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या माणसांचे दावे तिच्यावर येऊन आदळले, आणि त्यांची संख्या ८२ हजारांवर गेली. इतक्या मुलांचे दुःख इतकी वर्षे दडून राहिले, कारण विश्वासाच्या नावाखाली देखरेख सैल होती आणि ज्या नोंदी ठेवल्या गेल्या त्या मुलांच्या रक्षणार्थ वेळेवर उघड झाल्या नाहीत. कोणत्याही उपक्रमात किमान दोन प्रौढ उपस्थित असलेच पाहिजेत, एकट्या प्रौढाने एकट्या मुलासह राहू नये, हा नियम तेथे आज पाळला जातो. आपल्याकडे २०१२ पासून बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. पण ज्या शाळेत स्काऊटमास्तर म्हणून एकच शिक्षक नेमलेला आहे आणि त्याच्या जोडीला कोणीच नाही, तेथे शिबिराच्या रात्री दुसरा प्रौढ आणावयाचा कोठून? म्हणजे मनुष्यबळाचा हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो मुलांच्या सुरक्षिततेचा होतो, आणि त्या सज्जन शिक्षकाच्या अब्रूचाही होतो, कारण साक्षीला दुसरा प्रौढ नसेल तर खोट्या आळापासून त्याचे रक्षण करणारेही कोणी नसते.

माझा मुद्दा हा की, स्काऊटमास्तराचा शत्रू दप्तर नव्हे. त्याचा शत्रू एकाकीपणा आहे.

या देशात ही चळवळ रुजली तेव्हा ती एकाकी माणसांनी रुजविली नाही, आणि हुकमाने तर मुळीच नाही. १९०९ साली बंगळूरला पहिले पथक निघाले ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यात मज्जाव होता. तो दरवाजा बंद पाहून ज्यांनी आपली स्वतंत्र पथके काढली, त्यांत मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि त्यांचे सहकारी जॉर्ज अरुंडेल होते, उत्तरेत श्रीराम वाजपेयी आणि पंडित मदनमोहन मालवीय होते, मध्य प्रांतात पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस होते. गोखल्यांनी पुण्यात १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे पंडित हृदयनाथ कुंझरू याच कार्यात वर्षानुवर्षे राबले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटनांचे विलीनीकरण होऊन भारत स्काऊट्स जन्माला आले तेव्हा पहिले राष्ट्रीय आयुक्तपदही त्यांच्याकडेच आले. गाईड्स पुढील वर्षी १५ ऑगस्टला त्यात सामील झाल्या. वकील, न्यायाधीश, समाजसेवक, लोकनेते अशा नाना क्षेत्रांतील माणसे हे काम आपले मानत होती. कालांतराने ते शाळांच्या आश्रयास गेले. त्यामुळे त्याचा विस्तार झाला, खेड्यापाड्यांतील मुलांच्या गळ्यात स्काऊटचा स्कार्फ आला, आणि ही फार मोठी गोष्ट झाली. परंतु याच स्थित्यंतरात समाजाने आपले अंग काढून घेतले. पथक शाळेचे, शाळा सरकारची किंवा संस्थेची, आणि आपण केवळ गणवेशाचे पैसे भरणारे पालक, अशी आपली समजूत झाली.

या समजुतीचे दुष्परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतात ते शिक्षकाची बदली झाल्यावर. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखादा हौशी गुरुजी पाचसहा वर्षे जिवाचे रान करून पथक उभे करतो. तालुक्याच्या मेळाव्यात त्याची मुले चमकतात. आणि एका उन्हाळ्यात बदलीचा आदेश येतो. जून उजाडतो तेव्हा कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणाला ठाऊक नसते. तंबू ओलसर राहून कुजतात, दोर उंदीर कुरतडतात, बँकेतील खात्यावर जुन्याच गुरुजींची सही असते म्हणून खरी कमाईचे पैसे अडकून पडतात, आणि द्वितीय सोपानापर्यंत आलेली मुले ज्यावर आपली प्रगती नोंदलेली होती ते कागद सापडत नाहीत म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहतात किंवा काम सोडून देतात. येथे दोष बदलीचा नाही, बदल्या होणारच. दोष असा की संपूर्ण पथक एका माणसाच्या स्मरणात आणि एका कपाटात साठविलेले होते. मुलींचे पथक चालविणाऱ्या गाईड कॅप्टनची स्थिती तर याहून बिकट. मुलींच्या शिबिरासाठी रात्री बाहेर राहू शकणारी शिक्षिका मिळाली पाहिजे, आणि तिच्या घरच्या जबाबदाऱ्या त्या रात्री कोणी सांभाळावयाच्या हा प्रश्न शाळेच्या कोणत्याही बैठकीत चर्चेस येत नाही. ती तो एकटीच सोडविते, किंवा पथक बंद होते.

उपाय नव्याने शोधावयाचा नाही. पथकाच्या पाठीशी पालकांची आणि हितचिंतकांची समिती असावी हे तत्त्व चळवळीत पूर्वापार मान्य आहे. अमेरिकेतील पथकात खजिनदार, नोंदी ठेवणारा, शिबिराच्या परवानग्या मिळविणारा असे निरनिराळे पालक काम वाटून घेतात आणि स्काऊटमास्तर मुलांसाठी मोकळा राहतो. तेथे ही व्यवस्था सदैव निर्दोष चालते असे नव्हे, परंतु कामांची वाटणी मात्र योग्य आहे. अशी माणसे कमी पडली की काय होते ते ब्रिटनमध्ये दिसते: तेथे हजारो मुले प्रवेशाच्या प्रतीक्षेत आहेत आणि त्यांच्या प्रवेशाआड येते ती प्रौढ स्वयंसेवकांची वाण. आपल्याकडे अशी समिती आढळते ती बहुधा तपासणीच्या वेळी कागदावर. तिच्यात सरपंचांचे नाव असते, संस्थेच्या चिटणिसांचे असते. पथकाच्या पावत्यांची वही हाती घेऊन बसणाऱ्या माणसाचे मात्र क्वचितच असते.

असा माणूस दुर्मीळ नाही. प्रत्येक गावात टपाल खात्यातून वा बँकेतून निवृत्त झालेला, ज्याच्या हिशेबात पैशाची चूक कधी निघाली नाही असा कोणी तरी राहत असतो, आणि त्याला आजवर कोणी विचारलेले नसते. पूर्वी त्याच पथकात वाढलेला, आता महाविद्यालयात शिकणारा किंवा एखाद्या कारखान्यात नोकरीस लागलेला तरुण रविवारी सकाळी सहायक म्हणून आनंदाने येईल. शिबिराच्या रात्रीचा दुसरा प्रौढ तोच. मात्र त्यांना घेताना चौकशी करावी, त्यांची ओळखपत्रे आणि पूर्वीच्या कामाची माहिती पाहावी, बालसंरक्षणाचे नियम त्यांना लेखी द्यावेत; स्वयंसेवक आहे म्हणून त्याची चौकशी करणे अपमानाचे समजू नये. आणि काही दप्तर तर मुलांच्याच हाती सोपवावे. पथकातील प्रत्येक लहान संघाच्या सहाआठ मुलांमधून एकाने वृत्तान्त लिहावा, एकाने सामानाची यादी राखावी, एकाने वर्गणी जमवावी, ही पद्धत बेडन-पॉवेलांच्या काळापासूनची आहे. रोलँड फिलिप्स या तरुण कार्यकर्त्याने १९१४ साली याच संघपद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि दोन वर्षांनी सोमच्या रणांगणावर तो पडला. मुलांवर खरी जबाबदारी टाकली तरच ती मोठी होतात, हा त्याचा आग्रह आजही तितकाच सार्थ आहे. बारा वर्षांच्या मुलाने ठेवलेली वही गुरुजींनी लिहिलेल्या वहीइतकी नीटनेटकी नसेल, तरी तपासनिसाने तीच मान्य करावी.

शिक्षण खात्याकडे आणि जिल्हा कार्यालयांकडेही मागणे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांस जुंपण्यास मनाई केलेली आहे. त्या तरतुदीचे मर्म ध्यानी घेऊन स्काऊट-गाईडचे काम हे शिक्षणाचेच काम गणले जावे, त्यासाठी आठवड्याचे ठरावीक तास शिक्षकाच्या कार्यभारात मोजले जावेत, आणि उरलेल्या वेळात उरकावयाचे काम असे त्याचे स्वरूप राहू नये. शाळेने एकदा दिलेली मुलांची यादी वर्षभर पुनःपुन्हा निराळ्या नमुन्यात मागू नये. बदली झालेल्या शिक्षकाने पथकाचे दप्तर, सामान आणि बँकखाते समितीच्या उपस्थितीत यादीनिशी पुढच्याच्या स्वाधीन केल्याशिवाय कार्यमुक्तीचा कागद निघू नये, एवढा शिरस्ता पडला तरी कितीतरी पथके वाचतील.

पहिल्या पालकसभांचे दिवस जवळ आले आहेत. मुख्याध्यापकांनी यंदा त्या पत्रकातील स्काऊट-गाईडचा रकाना भरण्याची घाई करू नये. सभेत पथकाचे गेल्या वर्षाचे काम मुलांकडून सांगवावे, हिशेब वाचून दाखवावा, आणि मग उपस्थित पालकांना स्पष्ट विचारावे की जमाखर्चाची वही कोण सांभाळील, डिसेंबरातील शिबिराच्या परवानग्यांमागे कोण फिरेल, आणि शिबिराच्या रात्री मुलांच्या तंबूंपाशी कोण राहील. ही नावे लिहून झाल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन विचारावे की या मंडळींसह मुलांना शिकविण्यास कोणाला यावेसे वाटते. ज्याला वाटेल त्याचे नाव त्या रकान्यात घालावे.

— पांथस्थ