तुंबवलेली म्हैस आणि घट्ट ऑइल

जुनी गाडी घेताना लोक काय पाहतात? रंग पाहतात, टायर पाहतात, सीटला नवं कव्हर आहे का ते पाहतात. आम्हीही तेच पाहिलं. घरात दोन-दोन पदव्या आहेत, पण पिकअपच्या खाली वाकून बघायचं कुणालाच सुचलं नाही.

गाडी धाकट्या भावासाठी घेतली होती. आमच्या सोनईच्या आसपास कांदा, ऊस, दूध यांची वाहतूक बारा महिने चालते. स्वतःची पिकअप असली की घोडेगावच्या कांदा बाजाराचं भाडं तरी रोज मिळतं. किंमत ठरली 4,10,000 रुपये. त्यातले दीड लाख अब्बांनी उमऱ्यासाठी साठवलेले होते. बाकीचे भावाचे स्वतःचे आणि थोडे नातेवाइकांकडून हातउसने. अब्बा म्हणाले, "आधी मुलाची रोजी लागू दे. अल्लाहने बोलावलं तर आम्ही नंतर जाऊ."

दुकानदाराने एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, इंजिन व गिअरबॉक्सची वॉरंटी, 6 महिने किंवा 10,000 किलोमीटर. तोंडाने मात्र तो म्हणाला, "सर, पूर्ण गाडीची जबाबदारी आमची." आम्ही वर्गात मुलांना प्रश्न दोनदा वाचायला सांगतो. तो कागद मात्र एकदाही धड वाचला नाही.

पहिला महिना बरा गेला. मग मागून बारीक घूंऽऽ असा आवाज यायला लागला. वेग वाढला की आवाज वाढायचा, ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलायचा. गिअर टाकून क्लच सोडला की खालून 'टक्' व्हायचं. भाऊ म्हणायचा, लोड आहे म्हणून असेल. बकरी ईदच्या आठ दिवस आधी कांदा भरून नगरला जाताना इमामपूरच्या घाटात मोठा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण चाकं फिरत नाहीत. दुसरी गाडी बोलावून माल उतरवला, भाडं गेलं, वर टोचनचा खर्च आला.

आमच्या ओळखीचे मिस्त्रीचाचा चाळीस वर्षं गाड्यांखालीच झोपत आलेत. त्यांनी समजावून सांगितलं ते इथे देतो, कारण आपल्या घरांत गाडी चालवणारे पुष्कळ आणि गाडी समजणारे थोडे. इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तिथून लांब शाफ्ट ती मागच्या एक्सलवरच्या गोल डब्यापर्यंत नेतो. त्या डब्याला गॅरेजमध्ये हाउसिंग म्हणतात. त्यात पिनियन नावाचा लहान दातेरी गिअर मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि ताकद चाकांकडे वळते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, त्याची सोयही तिथेच असते. ऑइल कमी पडलं, बेअरिंग झिजलं, की दातांतली जागा वाढते, आवाज सुरू होतो आणि शेवटी दात तुटतात.

चाचांनी हाउसिंग लगेच उघडलं नाही. फक्त ऑइलचा बोल्ट काढला. आतून आलं ते ऑइल नव्हतं, जवळजवळ ग्रीसच होतं, आणि त्यात लोखंडाची चमकी. चाचा म्हणाले, "आवाज दाबायला घट्ट माल भरलाय. महिना-दीड महिना गप्प बसते, मग बोलते. आता हात लावू नका. आधी विकणाऱ्याला कळवा, नाहीतर तो म्हणेल तुम्हीच बिघडवली." त्यांनी ते ऑइल बाटलीत भरून ठेवायला लावलं आणि फोटो काढायला लावले.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं. "वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे. हाउसिंग त्यात येत नाही." कागदावर बोट ठेवलं तर त्याचं खरंच होतं.

चाचांचा अंदाज 34,000 रुपयांचा निघाला. त्या रात्री दस्तरखानावर कुणी बोलत नव्हतं. मग भावाने जे सांगितलं, त्यासाठी हा सगळा लेख. तो म्हणाला, "कुठूनतरी जुना सेट बसवतो, पुन्हा तसंच घट्ट ऑइल भरतो आणि विकून टाकतो. आपल्यालाही असंच फसवलंय ना?"

खरं सांगायचं तर आमच्याही मनात क्षणभर आलं, काय वाईट आहे? दीड लाख अब्बांचे होते.

अब्बांनी हात धुतले. म्हणाले, "घोडेगावच्या बाजारात तू माझ्याबरोबर म्हैस घ्यायला आला होतास. आठवतं?" भावाला आठवत होतं. कास तटतटून फुगलेली म्हैस होती, बघणारे खूश. अब्बांनी ती सोडून दिली, कारण दोन वेळा धार न काढता दूध तुंबवलंय हे त्यांनी ओळखलं होतं. "ते तुंबवलेलं दूध आणि हे घट्ट ऑइल, यात फरक काय? तेव्हा आपण घेणारे होतो, आज विकणारे आहोत. एवढाच ना?"

उंटीण किंवा शेळी-मेंढी विकायची म्हणून तिचं दूध तुंबवून ठेवू नका, अशी मनाई बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आली आहे. कुणी असं जनावर घेतलंच, तर धार काढून पाहिल्यावर ते ठेवायचं की परत करायचं, हे ठरवण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. एका रिवायतीत त्यासाठी तीन दिवसांची मुदत सांगितली आहे. मात्र परत करताना, काढून घेतलेल्या दुधाबद्दल, एक साअ खजूर द्यायचे. चौदाशे वर्षांपूर्वीची ही वॉरंटीच म्हणा. तिच्यात विकणाऱ्याला लपवायला जागा नाही आणि घेणाऱ्यालाही फुकट दूध नाही.

भाऊ उठून गेला. सकाळी येऊन म्हणाला, "अर्ज कसा लिहायचा ते सांगा."

मग आम्ही शिक्षकाचं काम केलं. तारीखवार सगळं लिहिलं. खरेदीची पावती, वॉरंटीचा कागद, फोटो आणि चाचांचं लेखी मत जोडलं. ऑइलची बाटली सीलबंद ठेवली आहे, हेही कळवलं. आमचं म्हणणं एवढंच होतं की हाउसिंग वॉरंटीत नाही हे मान्य, पण दोष झाकून माल विकणं ही फसवणूक आहे आणि वॉरंटीच्या कागदाने ती माफ होत नाही. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि 15 दिवसांची मुदत दिली.

वाचकांसाठी कायद्याच्या चार गोष्टी. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी. दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत जावं लागतं. धंद्याची गाडी म्हणून घाबरू नये. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली गाडी असेल, तर तो माणूस ग्राहकच ठरतो. आधी सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मात्र गाडी दुकानदाराकडून नव्हे, एखाद्या घरमालकाकडून परस्पर घेतली असेल, तर हा रस्ता साधारणपणे मिळत नाही. तिथे घेण्याआधीच डोळे उघडे हवेत.

बाराव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. त्याचा माणूस आला, त्याच्यासमोर हाउसिंग उघडलं. पिनियनचे तीन दात गेलेले. थोडी घासाघीस झाली आणि ठरलं की सामानाचे पैसे त्याचे, मजुरी आमची. भाऊ कुरकुरला. अब्बा म्हणाले, "दोन महिने भाडं खाल्लंस ना गाडीचं? मजुरी म्हणजे आपले खजूर समज." घाटातल्या भाड्याचं आणि टोचनचं नुकसान मात्र आमच्याच पदरात राहिलं.

तुम्ही जुनी गाडी घ्याल तेव्हा मिस्त्री बरोबर न्या. त्याची दिवसाची मजुरी बुडाली तर ती आनंदाने द्या. गाडी गार असताना सुरू करा, थोडं वजन टाकून चढावर चालवा, रेडिओ बंद ठेवा. गिअरबॉक्सचं आणि हाउसिंगचं ऑइल बोटावर घेऊन पाहा. वॉरंटीत कोणते भाग येतात ते नावानिशी लिहून घ्या. 'पूर्ण गाडी' हा शब्द तोंडी नको, कागदावर शिक्क्यासह हवा.

आता पिकअप रोज घोडेगावला जाते. परवा एकाने भावाला विचारलं, गाडी विकणार का? भाव चांगला होता. आम्ही दारातून ऐकत होतो. भाऊ म्हणाला, "विकेन, पण आधी ऐका. हिचं हाउसिंग एकदा फुटलेलं आहे. बिल दाखवतो."

सौदा झाला नाही. अब्बांनी मात्र त्या रात्री स्वतःच्या हाताने भावाला चहा करून दिला.