"प्राध्यापकांना कसला ताण?"

हे वाक्य मी स्वतः एका रुग्णाचा रक्तदाब मोजताना बोललो होतो. आज त्याची लाज वाटते. वय 41, नेट, पीएच.डी., रक्तदाब 160/100, झोप उडालेली. नोकरी तासिका तत्त्वावर.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे बऱ्याच पालकांना माहीत नसते. जेवढे तास शिकवाल तेवढेच पैसे. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचेही नाहीत. मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद पडली. तास नाही म्हणून मानधन नाही. पुढच्या वर्षीचे वर्ग उशिरा सुरू झाले, तशा नेमणुकाही लांबल्या. त्या काळात या गृहस्थांनी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली. मला सांगितलेसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, करोनाने सगळ्यांचेच नुकसान केले. खरे आहे, पण अर्धेच. 4 मे 2020 रोजी राज्याच्या वित्त विभागाने नवी भरती थांबवली. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण त्यातून वगळले होते, म्हणजे आम्ही डॉक्टर वाचलो. तिजोरी आटली होती, तेव्हाचा तो निर्णय मी समजू शकतो. पण निवृत्ती विषाणूसाठी थांबत नाही. जुने प्राध्यापक घरी जात राहिले, सेट-नेट झालेले नवे उमेदवार रांगेत उभे राहत गेले. 2018 मध्ये सहायक प्राध्यापकांच्या 3580 जागा भरायला मंजुरी मिळाली होती. त्यातल्या उरलेल्या 2088 जागांना पुन्हा परवानगी मिळेपर्यंत 2021 चा नोव्हेंबर उजाडला. आणि या जागा करोनाने रिकाम्या केल्या नव्हत्या. त्या आधीपासूनच रिकाम्या होत्या.

जुन्या मधुमेहात ताप येतो आणि साखर 400 वर जाते. तेव्हा नुसत्या तापाला दोष देणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? इथे मात्र "करोनामुळे" म्हटले की सगळे गप्प.

त्या रुग्णाला "ताण घेऊ नका" असे मी आता सांगत नाही. पुढच्या जूनमध्ये नेमणूक मिळेल की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला प्राणायाम सांगून मोकळे होणे ही आळशी डॉक्टरकी आहे.

मुलाच्या प्रवेशाला जाल तेव्हा फी आणि वसतिगृह विचारताच. त्याच खिडकीवर हेही विचारा: या विषयाला कायम प्राध्यापक किती, तासिकेवर किती?

आणि रक्तदाबाची गोळी परवडत नसेल तर परस्पर कमी करू नका. मला सांगा. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.