चाके फिरत राहिली, झोप मागे राहिली

दिल्लीहून फरीदाबादकडे जाणारी मेट्रो बदरपूरची हद्द ओलांडून हरियाणात शिरते, तेव्हा पहिलेच स्टेशन लागते ‘सराय’. कॉलेजला निघालेली मुले, ऑफिसच्या घाईत असलेली माणसे तेथे चढतात, उतरतात. नावाकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण खिडकीतून खाली नजर टाकली की नावाचा अर्थ कळतो. खाली मथुरा रोड आहे, दिल्ली आणि आग्रा यांना जोडणारी शेकडो वर्षांची जुनी वाट. थकलेल्या माणसाने रात्रीपुरते टेकावे, बैलाघोड्यांना दाणापाणी द्यावे, म्हणून या वाटेवर सराया बांधल्या होत्या. सराया गेल्या, नाव राहिले.

खरे तर फरीदाबाद हे गावच रस्त्यासाठी वसले. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने या राजमार्गाच्या रक्षणासाठी १६०७ मध्ये ते वसवले. मोगलांच्या काळात या वाटेवर दर कोसाला, म्हणजे साधारण सव्वातीन किलोमीटरला, एक मनोरा उभारलेला असे. त्यातला एक कोस मीनार मुजेसरला कारखान्यांच्या गर्दीत आजही उभा आहे. किती चाललास, हे मीनार सांगे. आता थांब, हे सराई सांगे.

पुढे बैलगाडीची जागा मालट्रकने घेतली. किती चाललास, हे मोजण्याची साधने वाढली. मात्र ‘आता थांब’ असे सांगणारे कुणी उरले नाही. या रस्त्यावर उमेदीची वर्षे घालवलेल्या जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणी ऐकल्या की ही एकच गोष्ट पुन्हापुन्हा मनात येते.

चौदाशे किलोमीटरची वाट

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ मध्ये फरीदाबादला नवे औद्योगिक नगर उभारायला सुरुवात झाली. त्यासाठी नेमलेल्या मंडळाचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते. पाहता पाहता येथे बाटाचे बूट, एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर आणि शेजारच्या बल्लभगडला गुडइयरचे टायर तयार होऊ लागले. कारखाना म्हटला की कच्चा माल आणणे आले आणि तयार माल पोचवणे आले. त्यामुळे ट्रक आले, आणि ट्रकबरोबर टायरवाले, ताडपत्रीवाले, चहावाले, सगळा संसारच रस्त्याकडेला येऊन बसला.

मुंबईकडे निघालेला ट्रक पलवल, होडल, मथुरा करत आग्र्याला पोचे. तेथून मुंबई-आग्रा रस्ता धरायचा. धोलपूरजवळ चंबळ ओलांडायची, मग ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना, देवास, इंदूर. खलघाटला नर्मदा. सेंधव्यानंतर बिजासनचा घाट उतरला की शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, आणि शेवटी कसारा घाट. आग्रा ते मुंबई ११६१ किलोमीटर. फरीदाबादपासून धरले तर सुमारे चौदाशे. रस्ता बहुतेक ठिकाणी जेमतेम दोन गाड्या एकमेकींना चुकवतील एवढा रुंद. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर कापले तर पुष्कळ झाले असे मानले जाई.

गाडी चालवणे हे तेव्हा अंगमेहनतीचे काम होते. टेल्कोने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये तो करार संपला, तरी जुने ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षे त्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत. स्टिअरिंग इतके जड की वळण घेताना खांदे भरून येत. इंजिन केबिनमध्येच असल्याने उन्हाळ्यात बाहेरची लू आणि आतली भट्टी यांत फरक उरत नसे. कंपनी नुसती चेसिस विकत असे. वरची केबिन गावातले सुतार-लोहार बांधत. ड्रायव्हरची बैठक किती मऊ असावी, पाठीमागे आडवे व्हायला जागा असावी की नाही, हे मालकाच्या खिशावर ठरे. उलट बाहेरची नक्षी, मोर, कमळे, आरशाला बांधलेले काळे गोंडे यांत काही कमी पडत नसे.

वाटेत भीतीच्या जागा ठरलेल्या होत्या. चंबळच्या खोऱ्यातून रात्री एकटे जायचे नाही, चार-सहा गाड्या जमल्या की ताफ्याने निघायचे, असा रिवाज होता. एप्रिल १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर अनेक डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा खोऱ्यातल्या गावांबरोबर ट्रकवाल्यांनीही सुटकेचा श्वास टाकला असेल. हिवाळ्यात मथुरेपर्यंत असे धुके पडते की पुढच्या गाडीचा लाल दिवा हाच रस्ता. आणि कसारा घाटात नऊ-दहा टन माल पाठीशी घेऊन उतरायचे म्हणजे ब्रेकपेक्षा गिअरवर भरवसा ठेवायचा. गाडी चढावर बंद पडली तर क्लीनरने उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा. तो ठोकळा वेळेवर लागला नाही, तर पुढचे कुणी सांगायचे?

क्लीनरचा उस्ताद

हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नसे. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे. ड्रायव्हर त्याचा उस्ताद. काचा पुसायच्या, रेडिएटरमध्ये पाणी भरायचे, दांडक्याने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची, गाडी मागे घेताना पत्र्यावर थाप मारून इशारा द्यायचा. काही वर्षांनी एखाद्या रिकाम्या रात्री उस्ताद म्हणे, “बैठ, पकड.” मुलाच्या हाती स्टिअरिंग येई. त्या क्षणाचा आनंद जुनी माणसे अजून सांगतात. पण उस्तादाने स्टिअरिंग का दिले, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी उमगते. उस्तादाचे डोळे मिटत होते.

झोप न घेण्यामागे साधा हिशोब होता. पगार तुटपुंजा, खरी कमाई फेरीच्या भत्त्यावर. जितक्या फेऱ्या जास्त, तितके पैसे जास्त. ठरावीक दिवसांत माल पोचला नाही तर मालकाची बोलणी. शिवाय वाटेतले नाके, बिल्टी तपासणी, जकातीच्या रांगा यांत तासन् तास जात. मुंबईत तर मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवरची जकात थेट २०१७ पर्यंत होती. दिल्लीत दिवसा अवजड गाड्यांना मज्जाव, म्हणून हद्दीवर रात्र होण्याची वाट पाहायची. हे सगळे वाया गेलेले तास शेवटी एकाच खात्यातून वसूल होत, ते म्हणजे झोपेच्या. ढाब्यावर खाटेवर आडवी फळी टाकून डाळ-रोटी खायची, तोंडावर पाणी मारायचे, कडक चहा घ्यायचा, तंबाखूची चिमूट लावायची आणि पुन्हा निघायचे. काहीजण अफूच्या किंवा खसखशीच्या बोंडांच्या आहारी गेले, ते जागे राहण्यासाठीच.

पण शरीर फसत नाही. रात्री दोन ते पहाटे पाच ही माणसाच्या देहाची सर्वांत सुस्त वेळ. या वेळी डोळे उघडे असूनही मेंदू दोन-तीन सेकंद झोपून घेतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. त्या पन्नास मीटरमध्ये गाडीला ड्रायव्हर नसतो.

युरोपातली कागदी चकती

याच काळात युरोपातही ट्रकचालकांचे दिवस असेच खडतर होते. आल्प्सचे बर्फाळ घाट, प्रत्येक देशाच्या सीमेवर कागदांची तपासणी, सीटमागच्या फळीवर काढलेल्या रात्री. १९६४ मध्ये तर एक ब्रिटिश ट्रक माल घेऊन थेट काबूलपर्यंत आला होता. तेथील म्हातारे चालक आज त्या दिवसांच्या आठवणी रंगवून सांगतात, तेव्हा एका गोष्टीला मात्र नक्की शिव्या घालतात. ती म्हणजे गाडीत बसवलेले टॅकोग्राफ नावाचे यंत्र.

युरोपीय समुदायाने १९७० मध्ये त्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये ते १९८१ च्या अखेरीस सक्तीचे झाले. घड्याळासारख्या या यंत्रात एक कागदी चकती घालायची. त्यावरचा पातळ थर सुई ओरखडत जाई आणि चोवीस तासांचा हिशोब उमटे. गाडी किती वाजता निघाली, किती वेगाने गेली, किती वेळ थांबली. चालकांनी त्याला ‘केबिनमधला हेर’ असे नाव ठेवले. पण हाच हेर त्यांचा कैवारी ठरला. मालकाने ‘अजून चारशे किलोमीटर जा’ म्हटले तर चालक चकतीकडे बोट दाखवू शकत होता. तेथील आजचा नियम असा की सलग साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटे विश्रांती घ्यायची. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून फक्त दोनदा दहा. त्याहून जास्त नाही.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी दहा तासांपर्यंत सवलत ठेवली. सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही कामाच्या तासांसाठी याच तरतुदींकडे बोट दाखवले. मात्र १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. आपल्या देशात एक-दोन गाड्यांचे मालक असंख्य, कित्येकदा मालक आणि ड्रायव्हर एकच. त्यांना हा कायदा माहीतही नव्हता. आणि चकती नव्हती, म्हणून तास मोजणार कोण? मालाच्या वजनाला काटा होता, डिझेलला माप होते, टायरच्या किलोमीटरचा हिशोब वहीत होता. झोपेची वही कुणी घातली नाही.

घरची जाग

या जागरणाचा दुसरा अर्धा भाग घरात घडत असे. ड्रायव्हरची बायको महिना महिना एकटीने संसार ओढी. फोन घरी नव्हता. चिठ्ठी पाठवायची तर ट्रान्सपोर्ट कंपनीच्या पत्त्यावर, ती मिळेपर्यंत गाडी दुसऱ्याच राज्यात. परतणारा एखादा ओळखीचा ड्रायव्हर दारात येऊन म्हणे, “इंदूरला भेटला होता, ठीक आहे,” तेव्हा त्या घरात चूल मन लावून पेटे. पुढे गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या, रात्री दर कमी झाल्यावर ढाब्याजवळच्या बूथबाहेर रांगा दिसू लागल्या. नंतर मोबाईल आला. आवाज रोज ऐकू येऊ लागला, माणूस मात्र तितकाच लांब राहिला.

मुले वडिलांना पाहुण्यासारखी ओळखत. म्हणूनच की काय, आपल्या मुलाने स्टिअरिंग धरू नये, असे सांगणारे जुने ड्रायव्हर पुष्कळ भेटतात. ज्या हातांना आपल्या कसबाचा एवढा अभिमान, त्यांनाच ते कसब मुलाला द्यावेसे वाटू नये, ही त्या धंद्याची केवढी मोठी हार!

पुन्हा सराई?

आता पुष्कळ बदलले आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०१८ मध्ये दिल्लीला वळसा घालणारे पूर्व आणि पश्चिम असे दोन्ही द्रुतमार्ग पूर्ण झाले. ते पलवलजवळ एकत्र येतात, त्यामुळे दिल्लीत काम नसलेल्या गाड्यांना शहरात शिरावे लागत नाही. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, असा नियम झाला. वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि झोप ओळखणारी यंत्रे बसवावीत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये सुचवले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिस्थाने उभारण्याची घोषणा केली. पेट्रोल पंपांच्या आवारात ‘अपना घर’ नावाची विश्रामगृहेही सुरू झाली आहेत. झोपायला खाट, अंघोळीला हौद, आपले अन्न आपण शिजवायला जागा. म्हणजे शेवटी सराईच.

पण खाट असून भागत नाही. खाटेवर पाठ टेकायला वेळही मिळाला पाहिजे. रस्ता रुंद झाला, तसा माल पोचवण्याचा वायदाही आखूड झाला. आज सकाळी मागवलेली वस्तू उद्या दारात हवी, असे आपण सगळेच म्हणतो. पार्सल एक दिवस उशिरा आले तर तक्रार करतो. तो एक दिवस कुठेतरी कुणाची तरी झोप असू शकते, हे मनात येत नाही.

मुजेसरचा मीनार आता कोस मोजत नाही. सराय स्टेशनवर मेट्रो थांबते ती घटकाभरच, दारे मिटतात आणि गाडी पुढे निघते. खालच्या रस्त्यावर मालट्रकांची रांग चालूच असते. त्यातल्या कुणाच्या तरी घरी, दूर कुठल्या गावात, जेवण झाकून ठेवलेले असेल. तो माणूस उशिरा पोचला तर चालेल. पण झोप काढून, सुखरूप पोचला पाहिजे.